गावी रिग, शहरात माइक : दूरनियंत्रित हॅम केंद्राविषयी वाचकांचे प्रश्न

सोसायटीच्या गच्चीवर अँटेना लावू देत नाहीत, म्हणून गावच्या घरी हॅम म्हणजे हौशी रेडिओचं केंद्र उभारून ते इंटरनेटवरून चालवण्याबद्दल बरीच पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत. अनेक पत्रांत आयकॉमच्या आयसी-७३०० चा उल्लेख आहे, त्यामुळे उदाहरणंही त्याच रिगची, म्हणजे बोलण्या-ऐकण्याच्या रेडिओ यंत्राची, घेतली आहेत.

प्रश्न (पुणे) : फ्लॅटमध्ये एलईडी दिवे आणि लिफ्टच्या ड्राइव्हमुळे चाळीस मीटरच्या बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) सिग्नलच्या मीटरवर एस-८ इतका गोंगाट असतो. वाईजवळ गावी घर आहे, तिथं फायबर इंटरनेट आलंय आणि आयसी-७३०० तिथंच ठेवायची तयारी आहे. कमीत कमी सामानात सुरुवात कशी करावी?

उत्तर : तुमच्या रिगच्या मागे यूएसबीचं चौकोनी सॉकेट आहे. त्या एका केबलमधून आवाज आणि नियंत्रण दोन्ही जातं, त्यामुळे वेगळा इंटरफेस विकत घेऊ नका. गावी एक रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) ठेवा, २ जीबीचा पुरतो. त्यावर डब्ल्यूएफव्ह्यू हा मोफत प्रोग्राम सर्व्हर म्हणून चालवा आणि पुण्याच्या लॅपटॉपवर तोच प्रोग्राम क्लायंट म्हणून. धबधबा पट्टा (बँडवरचे सिग्नल रंगांत दाखवणारा), एस-मीटर, फिल्टर, पॉवर सगळं पडद्यावर दिसतं. पायला घरात पडलेला मोबाईलचा चार्जर लावू नका. ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा ॲडॉप्टर हवा. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की पाय स्वतःचा वेग कमी करतो, आवाज तुटतो आणि आपण इंटरनेटला नावं ठेवत बसतो. वीज सारखी जाते तिथं एसडी कार्डही लवकर खराब होतं. म्हणून सगळं नीट चालू झालं की पायच्या सेटिंगमधून ‘ओव्हरले फाइल सिस्टीम’ चालू करा. मग कार्डावर काहीच लिहिलं जात नाही.

रिगमधली सेटिंग अशी. सेट मेनूतल्या ‘कनेक्टर्स’मध्ये जाऊन ‘सीआय-व्ही यूएसबी पोर्ट’ (सीआय-व्ही म्हणजे रिगला आज्ञा देण्याची आयकॉमची पद्धत) हे ‘अनलिंक फ्रॉम रिमोट’वर ठेवा आणि ‘सीआय-व्ही यूएसबी बॉड रेट’ ११५२०० करा. त्याहून कमी वेगावर रिग धबधब्याची माहिती पाठवत नाही. ‘डेटा ऑफ मॉड’ यूएसबीवर न्या, नाहीतर पीटीटी (ट्रान्समिट चालू करणारं बटण) लागेल पण तुमचा आवाज जाणार नाही. यूएसबी मॉड लेव्हल ५० टक्क्यांपासून सुरू करून एएलसीचा (ट्रान्समिटची पातळी आवरणाऱ्या यंत्रणेचा) काटा पट्ट्याच्या आत राहील इतकी जुळवा. ‘यूएसबी सेंड’ मात्र ऑफच ठेवा. तिथं आरटीएस किंवा डीटीआर (सिरियल पोर्टच्या नियंत्रणाच्या रेषा) निवडलं, तर पाय रीबूट होताना किंवा एखादा प्रोग्राम पोर्ट उघडताना ती रेषा वर जाते आणि रिग आपोआप ट्रान्समिटला जातो.

नेटच्या वेगाची काळजी नको. १६ किलोहर्ट्झचा १६ बिटी आवाज काहीही न दाबता पाठवला तरी २५६ केबीपीएस लागतात, आणि धबधबा त्यात फार भर घालत नाही. खरा त्रास होतो तो पॅकेट कमीजास्त वेळाने पोचल्यामुळे. अशा वेळी क्लायंटमधला आवाजाचा बफर १०० वरून १५०-२०० मिलिसेकंद केला, की तुटकपणा जातो. बोलण्याला इतका उशीर चालतो.

अँटेना गावी आहे आणि ट्यूनरची बटणं दाबायला तिथं कोणी नाही, हे लक्षात घेऊन ती मुळातच रेझोनंट, म्हणजे वापरायच्या फ्रिक्वेन्सीला जुळणाऱ्या लांबीची, घ्या. ७.१ मेगाहर्ट्झच्या डायपोलसाठी (मध्यावर केबल जोडलेल्या दोन हातांच्या तारेसाठी) १४२.५ ला ७.१ ने भागलं की साधारण २० मीटर येतात, म्हणजे दोन्ही बाजूंना १०-१० मीटर. आधी १०.३ कापा आणि मग छाटत आणा. इन्सुलेशन असलेल्या तारेला दोन-तीन टक्के लांबी कमी लागते. मध्यावर १:१ करंट बॅलन (केबलच्या बाहेरून रेडिओ ऊर्जा परत येऊ न देणारा भाग) हवाच. रोज बसल्यावर आधी ५-१० वॅटवर क्षणभर कॅरिअर (आवाजाविना नुसती लहर) देऊन एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) बघून घ्या. वाईच्या बाजूला वानरं डायपोलवर झोके घेतात, आणि तार तुटल्याचं तुम्हाला पुण्यात दुसऱ्या कशावरून कळणार नाही.

हे सगळं आधी गावच्या घरातच, एका खोलीत रिग आणि दुसऱ्या खोलीत लॅपटॉप असं, डमी लोडवर (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणाऱ्या रोधावर) चालवून बघा. बाहेरच्या इंटरनेटची पाळी त्यानंतर.

प्रश्न (नाशिक) : घरच्या वाय-फायवर सगळं चालतं. राउटरमध्ये डब्ल्यूएफव्ह्यूचे ५०००१ ते ५०००३ हे यूडीपी पोर्ट फॉरवर्ड केले, तरी बाहेरून लागत नाही. इंटरनेट कंपनी म्हणते, पोर्ट बंद केलेले नाहीत.

उत्तर : कंपनी खरं बोलत असेल. राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे एक सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटला गेलाय आणि तुमच्या राउटरमधलं फॉरवर्डिंग त्या पत्त्यापर्यंत पोचतच नाही. (दूरची यंत्रं एका खासगी जाळ्यात जोडणारं टेलस्केलही आपल्या यंत्रांना १०० ने सुरू होणारे पत्ते देतं. म्हणून पत्ता राउटरच्या पानावर बघा, लॅपटॉपवर नव्हे.)

तीन रस्ते आहेत. कंपनीकडून जादा पैसे भरून स्थिर आयपी घ्यायचा. किंवा दोन्ही टोकांना आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा पत्ता) मिळत असेल तर त्यावरून वायरगार्डचा, म्हणजे सुरक्षित खासगी जोडणीच्या प्रोग्रामचा, बोगदा टाकायचा. किंवा टेलस्केल वापरायचं, जे दोन्ही बाजूंच्या नॅटमधून (पत्ता वाटून घेण्याच्या व्यवस्थेतून) वाट काढतं. पहिल्यांदाच करत असाल तर टेलस्केल घ्या, अर्ध्या तासात काम होतं. फक्त जोडणी झाल्यावर त्याच्या स्टेटसमध्ये ‘डायरेक्ट’ दिसतंय की ‘रिले’, हे तपासा. रिले असेल तर तुमचा आवाज तिसऱ्याच सर्व्हरवरून टीसीपीने फिरून येतो. एक पॅकेट हरवलं की मागची सगळी खोळंबतात, आणि चांगल्या लाइनवरही आवाज दचके खात येतो. डायरेक्ट होतच नसेल, तर मुंबईत असलेला छोटा भाड्याचा सर्व्हर घेऊन दोन्ही टोकं वायरगार्डने त्याला जोडा. युरोपातला सर्व्हर थोडा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, जाऊन-येऊन शंभर मिलिसेकंदांहून जास्त तिथंच जातात.

वायरगार्डमध्ये गावच्या टोकाला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवा. ते नसेल तर काही बोलणं चालू नसताना नॅटमधली नोंद पुसली जाते आणि बाहेरून हाक मारली तरी गाव ओ देत नाही. मोबाईल डेटावरून वापरताना जोडणी होते पण आवाज येत नाही, असं दिसलं तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४२० वरून १२८० करून बघा.

स्थिर आयपी मिळाला तरी रिगचे पोर्ट उघड्या इंटरनेटवर ठेवू नका. हॅमलिबचा रिगसीटीएलडी (रिग नेटवरून चालवू देणारा प्रोग्राम) ४५३२ पोर्टवर ऐकत बसतो आणि कोणालाही पासवर्ड विचारत नाही. ज्याला तो पोर्ट सापडला, त्याच्या हातात तुमचं ट्रान्समीटर.

प्रश्न (कोल्हापूर) : बोलताना माझ्याकडची लाइन गेली. वीस मिनिटांनी परत जोडलं तेव्हा रिग ट्रान्समिटमध्येच अडकल्यासारखा दिसला. पॉवर मीटर शून्य होता. हे धोक्याचं आहे का, आणि कायमचा बंदोबस्त काय?

उत्तर : मीटर शून्य होता कारण तुम्ही एसएसबी या बोलण्याच्या मोडवर होता. एसएसबीत आवाज नसेल तर बाहेर जवळजवळ काहीच जात नाही, त्यामुळे हा दोष लपून राहतो. हेच एफएमवर, आरटीटीवायवर (रेडिओ टेलिटाइपवर) किंवा ट्यूनिंगचा कॅरिअर देताना झालं असतं, तर पूर्ण पॉवर तितकाच वेळ गेली असती. फायनल ट्रान्झिस्टर भाजले असते, वर फ्रिक्वेन्सी अडवून ठेवल्याची जबाबदारी परवानाधारक म्हणून तुमचीच. म्हणून सगळ्या पत्रांत हा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इथून तिथं आवाज पोचवणं आता कोणालाही जमतं. लाइन तुटल्यावर केंद्र आपणहून गप्प बसतं का, हे जुळवायला कष्ट पडतात.

कारण साधं आहे. पीटीटीसाठी दोन वेगळ्या आज्ञा जातात, एक ‘चालू’ आणि एक ‘बंद’. पहिली पोचली आणि दुसरी वाटेत हरवली, तर रिगला काही चुकलंय हे कळायला मार्गच नाही. रिगमध्ये सीआय-व्हीसाठी टाइम-आउट टायमर आहे, तो चालू ठेवा. पण तो काही मिनिटांनी तोडतो, आणि १०० वॅटच्या कॅरिअरला तेवढी मिनिटंही फार झाली. तुमच्याकडे वीस मिनिटं गेली, म्हणजे तो बहुधा ऑफ आहे.

बंदोबस्त दोन पायऱ्यांचा करा. पहिली पायरी सॉफ्टवेअरची. पायवर एक छोटी स्क्रिप्ट ठेवा. तुमच्या लॅपटॉपकडून दर सेकंदाला एक छोटं पॅकेट आलं पाहिजे, तीन सेकंद आलं नाही तर तिने रिगला ‘पीटीटी बंद’ सांगायचं.

पण पायच गोठला तर? त्यासाठी दुसरी पायरी, आणि ती पायवर विसंबून नसावी. एक अर्डुइनो नॅनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) घ्या. त्याला पायच्या यूएसबीवरून नाही, तर रिगला वीज देणाऱ्या १३.८ व्होल्टवरून वेगळ्या रेग्युलेटरने वीज द्या. पायकडून त्याच्याकडे दर सेकंदाला सिरियलवर एक अक्षर जाईल. पाच सेकंद अक्षर आलं नाही, की नॅनोने रिले सोडायचा. रिले गाडीच्या हेडलाइटचा, १२ व्होल्ट ४० अँपिअरचा, रिगच्या पॉझिटिव्ह तारेत बसवलेला. रिग पूर्ण पॉवरला २१ अँपिअरपर्यंत ओढतो, त्यामुळे निळे १० अँपिअरचे रिले मॉड्यूल इथं चालत नाहीत, त्यांचे संपर्क चिकटतात. जोडणी ‘नॉर्मली ओपन’ संपर्कावरच करा, म्हणजे कॉइलची वीज गेली तरी रिग बंदच होईल. नॅनोमधला स्वतःचा वॉचडॉगही (अडकल्यास त्याला रीसेट करणारा टायमर) चालू ठेवा.

इथं दोन चुका हमखास होतात. एक, पायने पिन सतत वर धरून ठेवायची आणि तीच ‘मी जिवंत आहे’ अशी खूण मानायची. गोठलेला पाय पिन वर धरूनच गोठतो. खूण बदलती हवी. दुसरी चूक जास्त फसवी आहे. नॅनोला अक्षर पाठवणारी स्क्रिप्ट स्वतंत्रपणे फिरत ठेवली, तर लाइन तुटलेली असतानाही ती आनंदाने अक्षरं पाठवत राहते. लॅपटॉपचं पॅकेट नुकतंच आलं असेल तरच अक्षर पाठवायचं, ही अट त्या स्क्रिप्टच्या आत हवी.

रिले पुन्हा लागला तरी रिग आपोआप सुरू होत नाही, ‘पॉवर ऑन’ची आज्ञा द्यावी लागते. ११५२०० वेगावर त्या आज्ञेच्या आधी एफई हा बाइट १५० वेळा पाठवावा लागतो, १९२०० वर २५ वेळा. तयार प्रोग्राम हे स्वतः करतात. स्वतः स्क्रिप्ट लिहिणारे इथं अडकतात.

तपासणी डमी लोडवर, एफएमवर, १० वॅटला. पीटीटी लावा आणि लॅपटॉपची नेटवर्क केबल उपटा. रिग तीन सेकंदांत रिसीव्हला आला पाहिजे. मग पीटीटी लावून गावी कोणाला तरी पायची वीज काढायला सांगा. पाच सेकंदांत रिगचा पडदा विझला पाहिजे. तिसऱ्या वेळी पाय चालू ठेवून फक्त नॅनोला अक्षर पाठवणारी स्क्रिप्ट थांबवा, तेव्हाही पडदा विझला पाहिजे. तिन्ही जमल्याशिवाय अँटेना जोडू नका. आणि सेटिंगमध्ये काही बदललं की पुन्हा तिन्ही.

याशिवाय इंटरनेटवर अवलंबून नसलेली एक वाट ठेवली तर उत्तम. एसएमएसने चालणारा जीएसएम रिले मेन्सवर लावता येतो. बाजारातले स्वस्त मॉड्यूल टूजीवर चालतात आणि जिओचं टूजी नेटवर्क नाही, तेव्हा सिम दुसऱ्या कंपनीचं घ्या.

प्रश्न (रत्नागिरी) : वीस मीटरवर ५० वॅटच्या वर गेलं की यूएसबी तुटतो. चाळीसवर १०० वॅटलाही काही होत नाही.

उत्तर : आधी डमी लोडवर १०० वॅट देऊन बघा. तिथं तुटत नसेल, तर कोॲक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) बाहेरच्या बाजूने परत येणारा आरएफ (रेडिओ ऊर्जा) यूएसबीत शिरतोय. वीसवरच होतं, कारण तुमच्या केबलची लांबी त्या बँडला अनुकूल पडली असणार. पहिला उपाय अँटेनापाशी, फीडपॉइंटला (केबल अँटेनाला जोडते तिथं) चांगला चोक, म्हणजे हा आरएफ अडवणारी गुंडाळी. दुसरा यूएसबीवर. केबल एक मीटरचीच घ्या आणि ३१ मिक्सच्या मोठ्या फेराइट रिंगमधून, म्हणजे एफटी२४०-३१ मधून, तिचे दहा-बारा वेढे द्या. तेवढ्यासाठी केबल अपुरी पडली तर सहा-सात वेढ्यांनीही मोठा फरक पडतो. ऑनलाइन मिळणारे करडे क्लिप-ऑन मणी एकदाच तार ओवून एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झला) जवळजवळ काहीच करत नाहीत. वाय-फायचे स्मार्ट प्लग वापरत असाल तर त्यांच्या तारांवरही चोक लावा, आरएफने तेही रीसेट होतात.

प्रश्न (लातूर) : एप्रिल-मेमध्ये वळवाच्या विजा आणि दिवसाआड भारनियमन. घरी फक्त आई असते. अशा ठिकाणी हे करावं का?

उत्तर : करा, पण अँटेना रिगला कायम जोडलेली राहणार नाही अशी सोय करून. कोॲक्स रिले असा जोडा की त्याला वीज नसताना अँटेना अर्थिंगला जाईल आणि रिगकडची बाजू सुटी राहील. तुम्ही बसाल तेवढाच वेळ त्याला वीज. अर्थिंगचा रॉड खोलीबाहेर, कोॲक्स घरात शिरते तिथंच हवा. थेट वीज पडली तर रिले वाचवणार नाही, हेही खरं. म्हणून वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात कोॲक्सचा प्लग आईंना काढता येईल अशा उंचीवर, खिडकीपाशी ठेवा. मात्र ढग जमायच्या आधीच त्यांना फोन करा. गडगडाट सुरू झाल्यावर त्या प्लगला कोणी हात लावायचा नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं, त्यात गावचं ठिकाण बघत चला. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण काही केबलींना आधारासाठी पोलादी तार असते. ती घरात न आणता बाहेरच तोडून घ्या.

भारनियमनासाठी लिथियम फेरो फॉस्फेटची १२.८ व्होल्टची बॅटरी घ्या. ऐकताना रिग ०.९ अँपिअर घेतो, पाय आणि राउटर मिळून सव्वाएक. म्हणजे सव्वादोनच्या आत. १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीतले ८० वापरले तरी ३५ तास ऐकता येतं. बोलणं धरून एवढा वेळ मिळणार नाही, पण चार तासांच्या भारनियमनात काहीच जाणवत नाही. रिग ११.७ ते १५.९ व्होल्टवर चालतो आणि ही बॅटरी बहुतेक वेळ १३ च्या आसपास टिकते. लेड-ॲसिड पूर्ण पॉवरला पटकन खाली बसते. इन्व्हर्टरवरून एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) आणि त्यातून पुन्हा १३.८, असा द्राविडी प्राणायाम नको, तो गोंगाटही करतो.

प्रश्न (ठाणे) : मोर्सवाल्यांनी काय करायचं? पॅडलवर हात चालतच नाही.

उत्तर : चालणार नाही. मिनिटाला २० शब्दांच्या वेगात एक डॉट ६० मिलिसेकंदांचा असतो. साइडटोन (आपल्याच खुणांचा ऐकू येणारा सूर) गावाहून फिरून ८० मिलिसेकंदांनी आला, तर तुम्ही पुढच्या खुणेवर गेलेले असता आणि कान मागच्या खुणेवर. तेव्हा गावचा साइडटोन ऐकूच नका. सोपी वाट कीबोर्डची. रिग एका आज्ञेत ३० अक्षरांपर्यंतचा मजकूर घेऊन स्वतः मोर्स पाठवतो, आणि डब्ल्यूएफव्ह्यूमध्ये त्यासाठी खिडकी आहे. ब्रेक-इन (खूण येताच ट्रान्समिट लावणारी सोय) चालू नसेल तर मजकूर जाईल पण ट्रान्समिट होणार नाही. पॅडलच हवं असेल, तर साइडटोन तुमच्याच टोकाला तयार करणारी पेटी घ्यावी लागते. स्वीडनच्या रिमोटरिग आरआरसी-१२५८ जोडीत ती सोय आहे. पूर्ण ब्रेक-इनचा नाद मात्र सोडा.

प्रश्न (न्यू जर्सी, अमेरिका) : माझ्याकडे अमेरिकन परवाना आहे. सांगलीच्या घरी केंद्र ठेवून इथून चालवलं, तर कोणतं कॉलसाइन वापरायचं?

उत्तर : ट्रान्समीटर ज्या देशाच्या जमिनीवर, नियम त्या देशाचे. सांगलीतून लहरी बाहेर पडणार असतील तर भारतीय परवाना हवा, आणि कॉलसाइन त्याच परवान्यावरचं. नुसत्या अमेरिकन परवान्यावर तिथून बोलता येत नाही. चाळीस मीटरला भारतात ७.००० ते ७.२०० एवढाच पट्टा आहे. अमेरिकेत ७.३०० पर्यंत जायची हाताला सवय असेल, तर रिगमध्येच मर्यादा घालून ठेवा. डीएक्ससीसीच्या (किती देशांशी बोललात याच्या पुरस्काराच्या) मोजणीतही केंद्राचं ठिकाण म्हणजे ट्रान्समीटरचं ठिकाण, म्हणून असा संपर्क भारतातला धरला जातो.

भारतात राहणाऱ्यांसाठीही दोन शब्द. परवान्यावर केंद्राचा पत्ता असतो. तो पुण्याचा असेल आणि रिग गावी न्यायचा असेल, तर आधी डब्ल्यूपीसीकडून (रेडिओ परवाने देणाऱ्या केंद्र सरकारच्या विभागाकडून) पत्त्याची नोंद बदलून घ्या. अर्ज ‘सरल संचार’ पोर्टलवरून जातो. त्याच वेळी केंद्र नेटवर्कवरून कसं चालवणार आणि तातडीने कसं बंद करणार, हे लिहून त्यांची लेखी परवानगी मागा. ती हातात आल्यावरच हवेत जा.

प्रश्न (अमरावती) : एफटी८ साठी (संगणकाने छोटे संदेश पाठवायच्या पद्धतीसाठी) आवाज नेटवरून आणावा का?

उत्तर : नको. डब्ल्यूएसजेटी-एक्स हा एफटी८ चा प्रोग्राम गावच्या संगणकावरच चालवा आणि रिमोट डेस्कटॉपने त्याचा पडदा बघा. एफटी८ चा खेळ १५ सेकंदांच्या घड्याळावर चालतो. नेटवरचा उशीर त्यात मिसळला, की डीटीचे (वेळेतल्या फरकाचे) आकडे भरकटतात आणि हरवलेल्या प्रत्येक पॅकेटमागे डीकोड कमी होतात. गावच्या संगणकावर क्रोनी चालू ठेवून वेळ जुळवा. प्रोग्राममधला टीएक्स वॉचडॉग मुळात ६ मिनिटांवर असतो, तो बंद करू नका.

प्रश्न (सोलापूर) : राउटर अडकला तर रीस्टार्ट करायला स्मार्ट प्लग लावला. एकदा दुरून ‘ऑफ’ केलं आणि मग ‘ऑन’ करताच आलं नाही.

उत्तर : प्लगला ‘ऑन’ सांगणारी वाट त्याच राउटरमधून जाते, आणि तो तर तुम्ही बंद केलात. टास्मोटा (प्लगच्या आतच नियम चालवणारं सॉफ्टवेअर) बसवलेला प्लग घ्या आणि त्यात नियम लिहा : बंद झालास की १० सेकंदांनी स्वतःच चालू हो. वीज जाऊन आल्यावरही तो चालूच राहील, हे त्यातल्या ‘पॉवरऑनस्टेट’मध्ये १ घालून पक्कं करा.